आधी पाणी, मग हार

माझं माहेर बावड्याकडचं, आई शेवंतीच्या वाफ्यात खुरपत असतानाच मी झाले म्हणतात. लग्न होऊन बारामतीला आले. मालक हार गुंफायचे, पण बोलायचं काम माझं, म्हणून पेठेतलं फुलांचं दुकान मीच चालवलं. काय सांगू तुमाला, लोकांना वाटतं, माळणीला काय, तोडलं नि विकलं. अहो, फूल म्हंजे ज्वारी न्हाय पेवात भरून ठेवायला! मला आषाढातच दिवाळी ठरवावी लागती. माहेरचे म्हादूतात्या, कालव्याच्या पार शेपटीला त्यांचं रान, त्यांना मी सांगायची, तात्या, दसऱ्याला एवढा झेंडू, दिवाळीला तेवढा, मार्गशीर्षाच्या गुरुवारांना शेवंती, अन् देवळाचा रोजचा रतीब येगळा. तात्या म्हणायचे, पोरी, तू शब्द दे, मी रोप लावतो. त्या शब्दावर माझं दुकान उभं, हे लिवून घ्या.

मग साखर कारखाना निघाला. निघू दे की, उसाशी माझं वैर न्हाय. पण कालव्याचं पाणी वरच्या उसातच जिरायला लागलं, अन् ऊस कुणाचा, तर कारखान्याच्या पुढाऱ्यांचा. तात्यांची पाण्याची पाळी आली की पाट कोरडा. तात्या पाणी सोडणाऱ्या पाटकऱ्याला म्हणले, रावसाहेब, माझी पाळी हाय. त्यो म्हणतो, म्हातारबा, फुलं काय पोटाला खायची हायत का? ऐकलंत? त्याच्याच पोरीच्या मांडवात माझे हार लागले होते, तवा न्हाय इचारलं!

गेल्या दिवाळीत देवळाचा रतीब तुटला. गुरव दारात येऊन म्हणला, वैनी, देव बिनफुलाचा बसलाय. अन् त्याच आठवड्यात कारखान्याचा माणूस हजर. हंगामाची पहिली मोळी टाकायची हाय, पाहुणे मोठे, ऊस आत ओढणाऱ्या गव्हाणीला नि पाहुण्यांना हार पायजेत, झेंडू टपोरा बघा. टपोरा! म्हणलं, झेंडूचं पाणी तुमच्या उसानं पेलं. त्यो हसला, माळीणबाई, थट्टा भारी करता.

थट्टाच करायची तर नीट करू. तात्यांच्या रानात करपल्या कळ्या होत्या, त्या आणून मालकांम्होरं ठेवल्या. मालक म्हणले, अगं, गिऱ्हाईक तुटंल. म्हणलं, फुलंच न्हायत, गिऱ्हाईक काय पुजायचं हाय?

मोळीच्या दिशी त्या करपल्या कळ्यांचा हार घेऊन सरळ कारखान्याच्या चेअरमनपुढं गेले. त्यो म्हणला, हे काय आणलं? म्हणलं, आबा, ही तात्यांची पाळी, तुमच्या उसात जिरलेली. मागं उसाचे गाडीवान फिसकन हसले. चेअरमननं हात पुढं केला न्हाय, मग मीच त्यो हार गव्हाणीवर चढवला, अन् मोळी त्याच्याखालनंच आत गेली.

कारखान्याचं काम तितंच तुटलं. पाणी अजून येतं तवा येतं. यंदाबी आषाढात तात्या म्हणले, पोरी, शब्द देतीस का? दिला, निम्म्या रानाचा. देव कारखानावाल्यांचा ऊस गोड करो. पण त्यांच्यातलं कुणी लग्नाचा हार सांगाया माझी पायरी चढलं, की मी आधी इचारणार, तात्यांच्या पाटाला पाणी सुटलं का? नसंल सुटलं, तर जावा, नवरदेवाच्या गळ्यात ऊस बांधा.