ओसरीवरची गोष्ट नागपुरात

मंचावर विराजमान अध्यक्ष आणि आमच्या कार्यालयाचे मालक आदरणीय भगवानराव, नागपूरहून खास आलेले प्रमुख पाहुणे प्रेमानंदजी, आजचे सत्कारमूर्ती दीपक, आम्हाला विश्वासानं जमिनी देणारे आणि आमच्याकडून प्लॉट घेणारे समस्त मलकापूरकर, आणि मागून रोडग्यांचा वास यायला लागल्यामुळे चुळबुळ करणाऱ्या माझ्या बंधुभगिनींनो,

मी सुचिता. याच कार्यालयात दीपकच्या शेजारच्या टेबलावर बसते. त्याला हे काम मी शिकवलं, म्हणून मला बोलायला उभं केलंय. माझ्याआधी सगळ्यांनी त्याला नेटवर्किंगचा राजा म्हटलं. प्रेमानंदजींनी तर सांगितलं, की नागपूरच्या परिषदेतलं त्याचं भाषण ऐकलं आणि तिथेच त्याला आपल्या कंपनीत घ्यायचं ठरवलं. मी होते त्या सभागृहात. लोक उठून टाळ्या वाजवत होते. मला उठता आलं नाही.

ज्यांनी अशी परिषद पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते. जमिनी आणि घरं विकणारी सगळी मोठी माणसं एका हॉटेलात जमतात. एका हातात ताट, दुसऱ्या हातात कार्ड, मग जेवायचं कशानं हा प्रश्नच असतो. जो तो दुसऱ्याच्या गळ्यातली पाटी वाचतो आणि हसायचं किती ते ठरवतो. दीपक तिथे असा वावरत होता, जणू त्याच्याच घरचं लग्न आहे. मला कौतुक वाटलं. खोटं कशाला बोलू?

पण आपल्याकडे ओळख अशी होते का हो? इथे जमीन घ्यायची तर नुसत्या भावाला भेटून भागत नाही. लग्न होऊन गेलेल्या बहिणीची हक्कसोडीवर सही लागते. कागद घेऊन गेलं की ती म्हणते, "भाऊ म्हणन तसं," आणि सही काही करत नाही. मग जावं लागतं. चहा प्यावा लागतो, तिची गुडघेदुखी ऐकावी लागते, सुनेच्या डोहाळजेवणाला साडी न्यावी लागते. मोठ्या हॉटेलात याला क्लायंट रिलेशनशिप म्हणतात. आम्ही याला जाणंयेणं म्हणतो.

दीपकला मी अशा प्रत्येक घरात नेलं. प्रत्येक उंबऱ्यात सांगितलं, हा घरचाच आहे.

बीबी गावच्या जनकाबाईंच्या घरीही हेच सांगितलं. हायवेजवळची जमीन त्यांचे भाऊ दयाराम यांची, आणि सही अडली होती जनकाबाईंची. कितीदा गेले असेन! एका दुपारी त्यांनी मला ओसरीवर जवळ बसवलं. दीपककडे पाहून विचारलं, "बाई, याच्यासमोर बोलू ना?" मी म्हटलं, बोला. मग त्यांनी मनातलं सगळं सांगितलं. आधी सही का देत नव्हत्या, आणि आता का देतायत. शेवटी एवढंच म्हणाल्या, "माह्या भावाले हे कधी कळू देऊ नका. त्याले सहन होणार नाही." आणि सही केली.

नागपूरच्या व्यासपीठावर दीपकनं तीच गोष्ट सांगितली. बाईंच्या नावासकट, गावासकट, भावाच्या नावासकट. सही मिळवण्याचं काम माझं होतं आणि गोष्टीत ते त्याचं झालं, याचं मला दुःख नाही असं म्हणणार नाही. झालं दुःख. पण ते पचवलं असतं. तुमच्यातल्या अर्ध्याअधिक लोकांनी तो व्हिडिओ मोबाईलवर पाहिलाय. ज्यांनी पाहिला नाही, त्यांना त्या बाई काय बोलल्या हे माझ्याकडून कळणार नाही.

दयारामभाऊंनीही पाहिला. दरसाल आखाजीच्या सणाला ते बहिणीला माहेरी न्यायला बीबीला जायचे. या आखाजीला गेले नाहीत. बाईंनी पिशवी भरून ठेवली होती, असं त्यांच्या सुनेनं मला सांगितलं. मी धावत बीबीला गेले. जनकाबाईंनी पाणी दिलं, चहा दिला. पण बस म्हणाल्या नाहीत. ज्या ओसरीवर माझं इतकं जाणंयेणं, तिथे मी उभ्यानं चहा प्यायले.

दीपकला जाब विचारला. तो म्हणाला, "ताई, म्या त त्यांची तारीफच केली. तुम्ही काऊन रागावून राह्यल्या?" खरंच त्याला कळलं नव्हतं! मला त्याचाच जास्त संताप आला. अरे, पोटच्या पोरांपासून जे बाईनं लपवलं ते तुझ्यासमोर बोलली, ती तुझ्याकडे बघून नाही रे, माझ्या शब्दावर बोलली. तू माझा शब्द विकलास, दीपक. दगा म्हणतात याला, याला दुसरं नाव नाही.

भगवानराव, तुम्ही खूण करताय, मला दिसतंय. आवरतेच.

प्रेमानंदजी, तुमच्यावर राग नाही. माणूस हुशार आहे, कष्टाळू आहे, तुमचं काम चोख करील. फक्त पुढच्या परिषदेत तो बोलायला उभा राहिला, तर कुणाच्या ओसरीवरचं बोलतोय तेवढं ऐका.

आता कार्यक्रमपत्रिकेप्रमाणे सत्कारमूर्तींना शाल माझ्या हातून द्यायची आहे. ते माझ्याच्यानं होणार नाही. भगवानराव, तुम्ही द्या. दीपक, तू शाल घे, जेवून जा, नव्या नोकरीत तुझं भलं होवो. पण नागपूरला जाण्याआधी दयारामभाऊंच्या दारी जा. पाया पड, शिव्या खा, आणि त्यांना बहिणीला आणायला बीबीला घेऊन ये. मी उद्या सकाळी बीबीला निघते आहे. भाऊ आले तर जनकाबाईंना गाडीत बसवून देईन. नाही आले, तर ओसरीखाली उभी राहीन, त्या बस म्हणेपर्यंत.

आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलं, भगवानरावांनी माईक काढून घेतला नाही, याबद्दल मनापासून आभार. शुभप्रसंगी कडू बोलले, हे या सभागृहानं मोठ्या मनानं पोटात घालावं. दीपकच्या वतीनं मात्र मी कुणाची माफी मागणार नाही. ती त्याची त्यालाच मागू द्या.

नमस्कार.