अंगणातली कोरडी नदी

(बराकपूर. नव्या घराचं अंगण, उद्या वास्तुशांत. नदीतल्या गोट्यांच्या राशीत कालिंदी पदर खोचून बसलेली, हातात तारेचा ब्रश. तिचा नवरा दत्तात्रय, सरकारी खात्यातला बांधकामाचा इंजिनिअर, आत्ताच ऑफिसातून आलेला.)

कालिंदी : घासून घासून बोटं सोलली माझी, पण हे पांढरं काही जात नाही.

दत्तात्रय : कावळ्यांनी घाण केली असेल. बांबू लावलेत ना कडेनं, त्यावर बसतात मेले.

कालिंदी : दोन डंपर गोटे आणि झाडून सगळ्यांवर कावळे बसले? तेही प्रत्येकाच्या एकाच बाजूला?

दत्तात्रय : सोड ना. बायका लावून धुऊन घेऊ सकाळी. तू कशाला हात घालतेस त्यात?

कालिंदी : वास येत होता म्हणून घातला. एकेक गोटा उलटला तर खाली गोगलगायी, सडकं शेवाळ, आणि शेजारच्या मांजरांनी तर आपली सोय करून घेतलीय इथे. शी! उद्या इथे माणसं जेवायला बसायचीत.

दत्तात्रय : अगं, लँडस्केपिंग म्हणतात याला. कोरडी नदी! नारळाएवढे गोटे काठाला, बारके मधोमध, वरून लाकडी पूल. मराठी मंडळातली मंडळी बघत राहतील. बराकपुरात कुणाकडे आहे सांग असं?

कालिंदी : नसेलच. लोकांच्या अंगणात अळू असतं, जास्वंद असते. प्लॅस्टिक अंथरून वर दगड ओतायची हौस तुम्हालाच.

दत्तात्रय : झालं तुझं अळूपुराण सुरू. चहा टाकतेस?

कालिंदी : नाही टाकत. आधी इकडे या. हा गोटा धरा हातात. नखानं खरवडा.

दत्तात्रय : कालिंदी, कपडे तरी बदलू दे.

कालिंदी : चुना आहे हा.

दत्तात्रय : असेल. कुणाचं घर रंगवताना सांडला असेल.

कालिंदी : अहो, मी ओव्हरसिअरची मुलगी आहे. धरणाच्या कामावर वाढले. बाबा दगडाचा ढीग मोजायचे, आकडा लिहायचे आणि लगेच त्यावर चुन्याचं पाणी शिंपडायला लावायचे. का, ते तुम्हाला मी सांगू?

दत्तात्रय : तोच ढीग पुन्हा मोजायला कुणी दाखवू नये म्हणून. त्यात काय एवढं? सगळीकडे करतात.

कालिंदी : सगळीकडे नाही. सरकारी कामावर करतात. बागेत टाकायच्या दगडाला कोण चुना मारतं? हे गोटे कुठल्या साइटवरून आले?

दत्तात्रय : ठेकेदारानं पाठवले. उरलेला माल होता, पडून होता त्याच्याकडे. मी मागितलेही नव्हते.

कालिंदी : कुठला ठेकेदार? बंधाऱ्याचा? उत्तरेकडचा तो बंधारा, भाद्रपदात फुटला तो?

दत्तात्रय : हळू बोल. पलीकडे सान्याल आहेत गच्चीवर.

कालिंदी : म्हणजे तोच. आणि चुन्यात नीळ आहे, ते बघितलंत? नीट उजेडात धरा. तुमच्या हाताखालच्या देवयानीनं हेच सांगितलं होतं ना चौकशीत? मी माझ्या चुन्यात नीळ घालते, दुसऱ्याच्या ढिगात गफलत नको म्हणून. तुम्हीच घरी येऊन हसला होतात. म्हणालात, पोरगी बघा काय काय गोष्टी रचतेय.

दत्तात्रय : तुला यातलं काही कळत नाही.

कालिंदी : एवढंच कळतं. आज सकाळी चहा पिताना तुम्ही मला तुमची जबानी वाचून दाखवलीत. ढीग कधी आलेच नाहीत, ज्युनिअर इंजिनिअरनं ऑफिसात बसून खोटी मापं लिहिली. ऐकून मी काय म्हटलं, आठवतं? म्हटलं, वाटली नव्हती हो ती पोरगी अशी. माझ्या घरी पुरणपोळी खाऊन गेलेली पोरगी! मी तिला नावं ठेवली. या तोंडानं!

दत्तात्रय : ऐकून तर घे.

कालिंदी : ऐकतेय. बोला.

दत्तात्रय : ढीग आले होते. तिनं मोजले, ते बरोबरच मोजले. मी तपासायला गेलो तेव्हा पाऊस होता. गाडीतूनच पाहिलं. पांढरं दिसलं, सही केली. पुढे ठेकेदारानं ते बंधाऱ्याच्या तारेच्या जाळ्यांत भरायच्या ऐवजी रातोरात ट्रकात भरून परत नेले, ते मला कुठे माहीत?

कालिंदी : मग जाळ्यांत काय भरलं?

दत्तात्रय : वाळूची पोती. वरून एक थर दगडाचा.

कालिंदी : आणि हे तुम्हाला कधी कळलं?

दत्तात्रय : फुटल्यावर.

कालिंदी : भाद्रपदात. आणि हे गोटे आले दिवाळीनंतर.

दत्तात्रय : कालिंदी, नाही म्हणालो असतो तर त्यानं माझंच नाव घेतलं असतं. सही माझी आहे. वर्षभर राहिलंय रिटायर व्हायला.

कालिंदी : म्हणून तिचं नाव घेताय.

दत्तात्रय : ती तरुण आहे. निलंबन काय, उठतं. दुसरी नोकरी मिळेल. माझं काय होईल?

कालिंदी : ईऽऽ! अहो, मांजराच्या घाणीत दुपारभर हात घातला, तेव्हा एवढी किळस वाटली नाही. तिकडे पुरामुळे लोक दोन महिने शाळेच्या व्हरांड्यात झोपत होते. मी साड्यांचं बोचकं बांधून दिलं, ते तुम्हीच गाडीत घालून नेलंत. तेव्हा कसं तोंड केलं होतंत हो त्यांच्यासमोर?

दत्तात्रय : पाणीच तेवढं होतं त्या वेळी. दगड असते तरी...

कालिंदी : हे मला सांगू नका. त्या शाळेत जाऊन सांगा. त्यांची नदी त्यांच्याच अंगावर सोडलीत आणि इथे दगडांची नदी करून वर पूल बांधताय! लाज कशी वाटत नाही?

दत्तात्रय : बरं, चुकलं. आता काय करू? सोमवारी चौकशीची कमिटी बसतेय. ॲसिड आणतो, तासाभरात सगळं साफ होईल. नाहीतर उद्या पूजा झाली की उचलून टाकू कुठेतरी. तू अळू लाव, जास्वंद लाव, काय हवं ते लाव. पण हा विषय इथेच संपव.

कालिंदी : पूजा कसली? मी नाही बसणार.

दत्तात्रय : काय?

कालिंदी : वास्तुशांतीला जोडीनं बसावं लागतं ना? माझ्या पदराची गाठ तुमच्या उपरण्याला पडायची नाही. गुरुजींना काय सांगायचं ते सांगा. बायकोला ताप आलाय म्हणा. खोटं बोलायला तुम्हाला कुठे अवघड जातं?

दत्तात्रय : तीस वर्षांच्या संसारात असं कधी बोलली नाहीस.

कालिंदी : कारण तुम्ही फक्त आळशी आहात असं समजत होते. तेवढं चालवून घेता येतं.

दत्तात्रय : तू मला तुरुंगात पाठवायला निघालीयस.

कालिंदी : मी कुठेही पाठवत नाहीये. ती पोरगी निर्दोष आहे, आणि त्याचा पुरावा माझ्या अंगणात पडलाय. तो घासून काढायला मी दुपारभर मदत केली, हेच माझ्या जिवाला लागलंय. एकोणतीस गोटे घासले मी. आता एकही घासणार नाही आणि तुम्हाला घासू देणार नाही.

दत्तात्रय : मला विचार करू दे. चार दिवस दे.

कालिंदी : फाटक वाजतंय.

दत्तात्रय : आत्ता कोण? गुरुजी?

कालिंदी : देवयानी. मी फोन केला होता तासाभरापूर्वी, ये म्हणून. काय ते सांगितलं नाही.

दत्तात्रय : तू... तिला इथे बोलावलंस? अगं, मला विचारायचं तरी!

कालिंदी : मी तिला काही दाखवणार नाही. आता आत जाऊन हात धुणार आहे. तुम्ही तिला आंब्याची पानं आणायला पाठवा, नाहीतर दारातूनच परत पाठवा. तुमचं तुम्ही बघा.

देवयानी : काकू! येऊ का आत? डमडम स्टेशनला ट्रेन खूप वेळ थांबली होती, म्हणून उशीर झाला. ...अरे, सर पण आहेत घरी.

दत्तात्रय : हो. आत्ताच आलो.

देवयानी : सर, सॉरी हां, ऑफिसचं घरी बोलू नये. पण एक सांगते. आई रोज विचारते ना, काय होणार. मी तिला बोलले, घाबरू नको. सोमवारी सर बोलणार आहेत. सरांना माहीत आहे मी ढीग मोजले होते. बरं सर, काकूंनी कशाला बोलावलं? पूजेचं काही काम आहे? चप्पल इथेच काढू का?

दत्तात्रय : नको. चप्पल राहू दे पायात. दगडांवरूनच ये. आणि देवयानी... खाली बघत ये.