मसाल्याची फळी

—नको मॅडम, घरी कशाला येताय तुम्ही, भिंत काय बघायची! ओल आहे म्हणजे आहे, कोर्टात लिहून दिलंय ना मी. फोटो लावलेत — छताचा, भिंतीचा, खाली ठेवलेल्या बादलीचा. जुने असतील, पण फोटो ते फोटो. आणि तुम्ही मध्यस्थ, तुम्ही कशाला जिने चढणार? लिफ्ट आहे, पण ती आमच्यासारखीच, चालली तर चालली. म्हणे तुम्ही, मी आणि वरच्या मजल्यावरचा राजेश, तिघांनी मिळून बघू! त्याला बाहेर बाकावर बसवलंत तेच बरंय. बसू दे. काय करतोय हो तो? पाणीबिणी प्यायला का? — नाही, शुगर आहे त्याला, म्हणून विचारलं. मला काय त्याचं.

तुम्ही म्हणालात, दोघांचं वेगवेगळं ऐकून घेते, इथलं बाहेर जाणार नाही — बरं वाटलं. इतकी वर्षं तारखांना येतोय, तिकडे वकीलच बोलतात, आम्ही दोघे मागच्या बाकावर, तो त्या टोकाला, मी ह्या टोकाला. जज्जसाहेबांनी एकदा नाव विचारलं, बस्स. शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात — आम्ही चढलो, आणि आता दोघांचेही गुडघे गेलेत. थकलो हो मॅडम. खरंच थकलो. आणि तुम्ही एकदम विचारता, काका, तुम्हाला नक्की काय हवंय? असं कुणी विचारतं का?

काय हवंय... पाणी थांबायला हवं होतं, दुसरं काय! लालबागला चाळीत आमच्या खोल्या समोरासमोर, दोघांचे बाप एकाच मिलमधे. नोकऱ्या लागल्या तशी बोरिवलीत घरंही एकत्रच घेतली — वर कोण, खाली कोण, चिठ्ठ्या टाकल्या, मला खालचं आलं. तेव्हा झकास वाटलं, जिने कमी चढायचे. पाणी खाली येतं हे कुणाच्या डोक्यात! सकाळी मी झाडूच्या दांड्यानं छत दोनदा ठोकायचं, की हा लुंगी सावरत खाली — "चंद्या, चाय ठेवलंस मां?" असं किती वर्षं! मग त्यानं बाथरूम नवीन केलं, लाद्या अशा गुळगुळीत, आणि आमच्या स्वयंपाकघराची वाट लागली. मी म्हटलं तुझं पाणी, तो म्हणाला तुझा पाईप. तेही चाललं असतं हो. पण सोसायटीच्या मीटिंगमधे सगळ्यांसमोर मला "चंद्रप्रकाश" म्हणाला — चंद्या नाही, चंद्रप्रकाश! दुसऱ्या दिवशी मी वकील गाठला.

आता त्याचा वकील सांगतो, बाथरूम फोडून नीट केलं. केलं असेल. दिवाळीच्या आधी ठोकाठोक ऐकली आम्ही. पण म्हणून लगेच बघायला यायचं? घर आवरायला नको? शेवंतीला, म्हणजे आमच्या मंडळींना, सांगायला नको? त्या भिंतीवर तिनं मसाल्याची फळी परत लावलीय, ती काढा, एवढ्या बरण्या ठेवा कुठे —

...असं काय बघताय मॅडम?

हां. बरोबर. ओल्या भिंतीला मसाला कोण ठेवेल. वर्षाचा मसाला, चार दिवसांत बुरशी धरेल. — सुकलीय. सुकलीय भिंत, खडखडीत. शेवंती रोज ऐकवते, "देवाक तरी भियाक होया." हे बाहेर सांगायचं नाही हां, तुमचाच नियम आहे. केस का नाही मागे घेत? अहो, केस आहे तोवर त्याला घर विकायला कोर्टाची मनाई आहे! मिटली की विकून चालला मुलीकडे, श्रुतिकाकडे, मुलुंडला. जवळ आहे म्हणता? बोरिवली आणि मुलुंडच्या मधे अख्खं जंगल आहे, बिबट्यांसकट. ह्या गुडघ्यांनी कोण जाणार, कोण येणार! आता निदान वर त्याच्या चपलांचा आवाज येतो. नळ सोडलेला कळतो. तारखेला तोंड दिसतं. उद्या वर दुसरं कुणी आलं आणि मी छत ठोकलं, तर पोलीस बोलावतील.

तुमची हीच पद्धत का, समोरच्याला बोलू द्यायचं?

एकटा असतो हो तो. बायको गेली त्याची, तेव्हा आमची केस चालू होती, मी खालीच उभा राहिलो, गेटजवळ. आणि गेल्या महिन्यात चक्कर येऊन पडला — धप्पकन आवाज आला मला. मी झाडू घेतला, दोनदा ठोकलं. वरून काही नाही. परत ठोकलं. काही नाही. शेवंती धावली वर, मी नुसता झाडू धरून उभा. — त्याला मुलीकडे जायला हवं. कळतं मला. सगळं कळतं.

केस मागे घ्यायची सही ना? करतो. पण इथं नको, घरी. त्याला येऊ दे, फळी बघू दे, भिंतीला हात लावू दे, काय शिव्या घालायच्या त्या घालू दे. उद्या सकाळी ठोकेन म्हणावं, एवढंच सांगा, त्याला कळतं.

नाही, नाही — तुम्ही नका येऊ मॅडम. त्याला एकट्याला पाठवा. जा, सांगा त्याला.