तांबड्या फेट्याची साक्ष

मंडळी, एक सांगा. खोटं न बोलता माणूस खोटी साक्ष देऊ शकतो का? नाही म्हणता? मग ऐका.

एका गावात येसूकाकू राहायची. घर देवळासमोर. बाई इतकी सरळ, की सुनेची आमटी खारट झाली तर सांगायची, आणि स्वतःची झाली तरी सांगायची. दुसरं जमतं का कुणाला? — पुढच्या रांगेतल्या सासूबाई, तुम्हांला नाही विचारलं.

एके दुपारी देवळातली पितळी समई नाहीशी झाली. गुरव लेकीच्या गावी गेलेला. काकूनं ओट्यावरून एवढंच पाहिलं — एक पाठमोरा माणूस समई काखेत मारून चाललाय.

पाटील आले. "काकू, चोराचा फेटा तांबडा होता ना?"

तांबडाच का? तर बिरू धनगर तांबडा फेटा बांधायचा, आणि सकाळी तो देवळाजवळ पाटलांना दिसला होता.

काकू घुटमळली. "तांबडा... असेल." संध्याकाळी शेजारणीला म्हणाली, "तांबडाच होता." दुसऱ्या दिवशी चावडीवर फेट्याचा शेव कुठल्या खांद्यावर होता, तेही सांगितलं. खरंच दिसत होता हो तिला!

बिरू म्हणाला, "काकू, मी ओढ्यावर होतो. तुम्ही मला पाहिलंत?"

"पाहिलं रे बाबा," काकू म्हणाली, आणि तिला रडू फुटलं.

बिरूला चावडीत अडकवला. माळावर बायको एकटी. लांडग्यानं दोन कोकरं नेली.

तिसऱ्या दिवशी गुरव परतला. मागोमाग शेजारगावचा रंगनाथ तांबट, हातात समई. "पाया डुगडुगत होता. गुरवांनीच नीट करायला न्यायला सांगितली होती," तो म्हणाला. सगळे त्याच्या डोक्याकडे बघत राहिले. फेटा? अहो, त्या डोक्यावर केससुद्धा नव्हता!

बिरूला सोडलं, तो माळावर गेला. काकू तशीच अनवाणी त्याच्यामागे गेली. आपल्या शेळीचं दावं बिरूच्या हातात देऊ लागली. "मी तुला पाहिलंच नव्हतं रे. पाटलांनी विचारलं, आणि मला तू दिसायला लागलास."

"शेळी नको, काकू. गावाला तेवढं सांगा."

काकूनं सांगितलं. पाटलांना बरोबर घेऊन, घरोघर.

तर मंडळी, कुणाला विचाराल तेव्हा "काय पाहिलंस?" एवढंच विचारा. पदरचा रंग घालू नका. आणि उद्या तुम्हांला कुणी विचारलं, "काल कीर्तनात बुवा नेमके कुठे अडखळले?" — तर लगेच जागा दाखवू नका. आधी आठवा, अडखळले होते का?