वाइंडिंग खात्यातली गाठ

सहदेव : पाच कशी झाली, मालन? मी गावाला गेलो तेव्हा पेटीत एकच पोवळं होतं.

मालन : आधी पिशव्या खाली ठेवा. फणस माझ्या पायावर पडेल.

सहदेव : फणस राहू दे गो. मोठं पोवळं अर्धंच दिसतंय. ब्लेड लावलंस त्याला?

मालन : लावलं.

सहदेव : वाट लागली. अगो, गावच्या धाकूच्या मासेमारीच्या जाळ्यात दगडासकट आलेलं ते. मालवणपासून अंधेरीपर्यंत समुद्राच्या पाण्याचा डबा मांडीवर धरून आणलं मी. दोन वर्षं जगवलं. मी शिपाई आहे त्या कॉलेजात कुंडलिक सर रोज हसायचे, म्हणायचे, सहदेव, मऊ पोवळं घरच्या काचेच्या पेटीत टिकायचं नाही. रविवारी ते बघायला येणार, नि तू चिरून ठेवलंस?

मालन : चिरलं म्हणून जगलं. ऐकायचं असेल तर बसा, नाहीतर उभ्यानं ओरडा.

सहदेव : बसलो. बोल.

मालन : तुम्ही गावच्या घराच्या शाकारणीला गेलात आणि इथे उकाडा सुरू झाला. पेटीतलं पाणी रोज बोटभर खाली जायचं. तुम्ही सांगून गेला होतात, कमी झालं की भर घाल.

सहदेव : हो. साधं. पिंपातलं.

मालन : साधं म्हणाला नव्हतात. समुद्राच्या पेटीत साधं पाणी घालायचं हे मला कसं सुचणार? मी तांब्यात मूठभर खडेमीठ विरघळवून घालत होते. बोट बुडवून चवही बघायचे.

सहदेव : आमटी आहे काय ती? पाणी आटतं, मीठ आटत नाही. ते खालीच राहतं. तू रोज वरून आणखी घालत होतीस.

मालन : आता कळतंय ते. आठवड्यात पोवळं आक्रसलं, एका कडेनं काळं पडलं आणि वास यायला लागला. सगुणाबाई भाचीच्या लग्नात अडकलेली, मासळी आणि पेटीसाठी समुद्राचं पाणी घेऊन दारावर येत नव्हती. मग मीच वेसाव्याला गेले.

(सगुणा मासळीची पाटी आणि पाण्याचा कॅन घेऊन दारात येते.)

सगुणा : हळदीच्या मांडवान आली रं तुजी बायको. मी नाचायला उभी, आन ही माजा हात धरून म्हनते, पानी दे, माजा पोवला मरते.

सहदेव : ये सगुणाबाय. मग?

सगुणा : मंग काय? लुगडा खोचला, दोन कॅन भरले न आली. पेटीतला पानी जिभंला लावला. मी म्हनली, पोरी, ह्यान तर सुकट मुरंल.

मालन : निम्मं पाणी उपसलं, सगुणाबाईचं भरलं. तरी ती काळी कड पसरतच होती. रात्रभर थांबले असते तर सगळंच गेलं असतं. म्हणून सुरणाचा किडका भाग काढतात तसा तो काढला. ब्लेड जरा खोल गेलं, चांगल्याचेही चार तुकडे निघाले. अंगठ्याएवढे. जिवंत होते हो, टाकवेनात.

सहदेव : पण ते दगडावर बसले कसे? ह्याचीच टोकं कापून मी तीनदा करून बघितलं. गोंदानं सुटले. रबरानं चेपून कुजले. गळाच्या नायलॉन तंगुसानं तर मधोमध कापले गेले.

मालन : तुमचा तंगूस बघितला होता मी. त्याला अंग नाही, नुसती धार. मी सुती दोरा घेतला.

सहदेव : घरात कुठे होता?

मालन : ट्रंकेत. गिरणीतलं एक बॉबिन ठेवलं होतं आठवण म्हणून. वाइंडिंग खात्यात दिवसभर काय करायचो आम्ही? बॉबिनवर सूत गुंडाळताना धागा तुटला की गाठ मारायची. चपटी, हाताला लागू नये अशी. घट्ट केली तर धागा तुटतो, सैल सोडली तर गाठ निसटते. तीच गाठ मारली.

सगुणा : मी बघत होती. बोटां अशी चालत होती, मना दिसंनात.

मालन : संप झाल्याला चार वर्षं झाली, चार वर्षांत पहिल्यांदा मारली. वाटलं होतं, गिरणीबरोबर हातही गेले. गेले नव्हते.

सहदेव : पण आता दोरा कुठे दिसत नाही. सोडलास?

मालन : सोडायला लागलाच नाही. सुती तो, खाऱ्या पाण्यात कुजला. विसाव्या दिवशी आपसूक गळून पडला. तोवर त्यांनी दगड धरला होता.

सगुणा : हालवून बघ ना रं. बघतंस काय नुसता?

सहदेव : थांब, बाही वर करतो. हा पहिला... हलत नाही. हाही नाही. मालन, चारही पक्के बसलेत गो. आणि टोकं बघ, उघडलीत.

मालन : सकाळी उघडतात. तेव्हा मी चहा घेऊन इथेच बसते.

सहदेव : कॉलेजात एवढे शिकलेले लोक आहेत, त्यांच्या पेटीतलं महिन्यात मेलं. माझ्या बायकोनं एकाची पाच केली. रविवारी सरांच्या हातात एक देणार. हापूसचं देतात तसं कलम.

सगुणा : तुजा नाव होनार रं मंग कॉलेजान.

मालन : होऊ दे. आणलं त्यांनीच, दोन वर्षं जगवलंही त्यांनीच.

सहदेव : नाही. माझी सगळी कलमं वाया गेली, हे सरांना ठाऊक आहे. खोटं कशाला बोलू? आण ती वही, चिठ्ठी आत्ताच लिहितो. 'मऊ पोवळं, मालवण.'

सगुणा : पानी कोनी आनला तेपन लिव.

सहदेव : लिहितो. 'पाणी : सगुणाबाई, वेसावे. कलमं : सौ. मालन सहदेव परब.' झालं?

मालन : सौ. नको.

सहदेव : का गो?

मालन : गिरणीच्या हजेरीच्या मस्टरवर सौ. नव्हतं. नावापुढे खातं असायचं. तिथं वाइंडिंग लिहा.