एकच हाक

झरीहून परभणीला निघालेल्या एसटीत अर्पिता पुढच्या सीटवरच्या म्हाताऱ्या मेंढपाळ नवराबायकोचं बोलणं ऐकत होती.

"कवाचं बघायलात फोनकडं?"

"तारेबिगर नेट कसं येतंय ते आपल्या नातवानं, सोनूनं सांगितलं. आदी हरेक कंपनीची रीत येगळी. एकीचा फोन दुसरीच्या टावरला वळकत नव्हता."

"मंग?"

"मंग समद्या कंपन्या एका जागी बसल्या आन एकच रीत ठरवली."

"एकमेकीच्या दुश्मन असून?"

"धंद्यात दुश्मनी आजबी हाय. पर हाक एकच मारायची ठरली."

"आन तुमी? वाटणी झाल्यावर मेंढरं मिसळू नयेत म्हणून तुमी आन भुजंगभावजीनं हाका येगळ्या केल्या."

"त्यानं आदी बदलली."

"बरं, त्यानं आदी. पर काल माळावर तुमी चुकून जुनीच हाक मारली."

"सवय हाय."

"त्यांची मेंढरं पळत आली की तुमच्याकडं."

"हाकलली की मी माघारी."

"मेंढरामागं भावजीबी आल्ते. तुमी पाठ फिरवली."

म्हाताऱ्यानं फोन बायकोपुढं धरला.

"ह्याच्यात नंबर हाय का त्याचा?"

"सोनूनं पैला तोच घातलाय."