जवारी गेली आन् शुगर आली

माहं नाव कौसल्या. माहेर धाड गावाकडचं, सासर हे साखरखेर्ड्याजवळचं, आन् जमीन ना माहेरी व्हती ना सासरी, चालायले लागली तवापासून लोकायच्या वावरात हावो. आमच्या वक्ताले जवारीची कनसं खुडायले गेलं का मजुरी जवारीचीच भेटे, पैसा नाई. मालकीन टोपल्यात कनसं टाके आन् हात आखडे, मंग माही सासू तिथंच बसून राहे, म्हने बाई, टाक अजून, वावराले का आग लागली तुह्या? लय तोंडाची बाई व्हती. पन घरात कनगी भरलेली राहे. भाकर खा, जवारी भरडून कन्या खा, आंबील प्या. गव्हाची पोळी म्हंजे भीमजयंतीले नाई तं लग्नात. रोज पोळी खातेत ते मोठे लोक, असं वाटे आमाले.

मंग सोयाबीन आलं. असं आलं का जवारी पाहाले भेटेना. सोयाबीनची का भाकर होते बाप्पा? मजुरी रोकडी झाली, कनगी रिकामी झाली, आन् रेशनवर गहू-तांदूळ भेटायले लागला. आमी खूश! खोटं काऊन बोलू. सासू पाव्हन्याले पोळी-भात वाढे आन् साऱ्या गल्लीत सांगे.

माहा विनोद त्यातच वाढला, तिन्ही टाइम भात. काळीपिवळी चालवे मेहकरच्या रोडवर, दिसभर बसून. चाळिशी नाई झाली आन् शुगर निघाली. पायाले खिळा रुतला तं त्याले समजलंच नाई, बूट काढला तवा मोजा रक्तानं भिजेल. पाय सडत गेला, मंग दवाखान्यात उजवा पाय कापला घोट्याच्या वरतून. डाक्टर म्हने, मावशी, दुसरा वाचवाचा असंन तं भात बंद करा, जवारीची भाकर खाऊ घाला. मी म्हनलं सायेब, तेच तं खात व्हतो आमी, तुमीच लोकायनं सोडवलं. त्यानं पुढच्या पेशंटले हाक मारली.

दुकानात इचारली तं जवारी गव्हापरीस महाग. शहरातले लोक बारीक व्हासाठी खातेत म्हने आता. मंग रेशनवाल्याले म्हनलं दादा, माह्या वाटचा तांदूळ घे आन् मले जवारी दे. तो हासला, म्हने काकू, हे हाटेल हाय का? ग्रामसभेत एक सायेब आले व्हते, अन्नाचा हक्क, अन्नाचा हक्क करून राह्यले व्हते. मी उभी राह्यली. म्हनलं हक्क माहा हाय ना, मंग माह्या लेकराचा पाय नेनारं अन्न काऊन देता? बाया पदराआड हासल्या. सायेब म्हने, कळवतो वरतं.

आन् एका साली आली हो जवारी रेशनवर. काय सांगू तुमाले, मी इतली हरखली! पोतं सोडलं तं काळी, किडे लागेल, कुबट वास. तरीबी पाखडली, निवडली, दळून आनली. भाकर कडू लागे. लोकायनं कोंबड्यायले टाकली, कोनी कोनी तं घेतलीच नाई, म्हने आमी का भिकारी हावो जवारी खायले? झालं, दुकानदारानं वरतं सांगतलं का लोकायले जवारी नाई पाह्यजे. बंद! सडका माल कोनं पाठवला हे कोनीच नाई इचारलं. माहा अजून जीव जळते. आमचे लोकबी तसलेच, भाकरीची लाज वाटते त्यायले.

यंदा वावरवाल्या भाऊच्या हातापाया पडून धुऱ्या-बांधाच्या कडेनं जवारी पेरून घेतली. साऱ्या शिवारात तेवढीच, मंग पाखरं कुठं जातीन? दिसभर डबा वाजवला, गळा बसला माहा, त्या मुक्या जीवायले नाई नाई त्या शिव्या देल्ल्या. राह्यलेली डुकरायनं आडवी केली. सूपभर हाती लागली, ते कवाच सरली.

आता विनोदच्या डाव्या टाचेले फोड आला हाय. काल पाह्यला मी. म्हने काई नाई माय, चप्पल लागली. गाडी इकली, घरीच राह्यते, जेवायले बसते आन् म्हनते, वाढ माय, भूक लागली. मी माय हावो, उपाशी ठेवू का त्याले? माह्याच हातानं भात वाढते, आन् त्याचं जेवन होईस्तोर भिंतीकडं पाह्यते.

निघाले का तुमी? असे कसे जाता, आमच्या दारातून कोनी उपाशी नाई जात. बसा, भात झाला हाय. तुमाले शुगर तं नाई ना?